मांडणीवरच्या बारा जणी

१२ जून
शाळा उघडायला अजून दोन आठवडे आहेत, म्हणून घरचीच हजेरी घेतली. अकरा. सगळ्या हजर. सरपंचीण बिळाच्या तोंडाशी, ढमी करवंटीखाली, रोझी डब्याच्या मधोमध, काल होती तिथेच. रोझी पहिली. पराग पुण्याला नोकरीला गेला तेव्हा "आई, पंधरा दिवस सांभाळ" म्हणून ही तळहाताएवढी केसाळ टॅरेंटुला ठेवून गेला. त्याला चार वर्षं झाली. पहिला आठवडा मी डब्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. कोळी म्हटलं की झाडू उचलणारी बाई मी.
बाकीच्या दहा कशा आल्या, हे परागलाही नीट सांगितलेलं नाही.

१४ जून
अकोल्याच्या शबानाताईंचा फोटो. त्या घरीच पैदास करतात, माझ्या सगळ्या त्यांच्याकडच्याच. (रानातली धरायची नाही, हा नियम. इथे मेडशीत गावातल्या दोघांनी लोट्यात घालून आणून दिल्या होत्या, दोन्ही परत सोडायला लावल्या. एक संध्याकाळपर्यंत ठेवली होती, खोटं कशाला लिहू.) फोटोत तुरीच्या दाण्याएवढं मातकट पिल्लू. मोठं झालं की पाय निळे होतात म्हणे. दोन-तीन वर्षांनी.
"दीदी, आख़री बचा है, आपके लिए रोका है."
मला नको आहे. फोटो आठ वेळा बघितला.

१५ जून
साडीच्या दुकानात "नुसतं बघायला आले" म्हणणाऱ्या बाईत आणि माझ्यात काही फरक नाही. आधी वाटायचं एक पुरे. मग काळी हवी. मग झाडावर राहणारी हवी. मग पट्ट्यांची, कारण पट्ट्यांची नव्हती. चौपन्न वर्षांची विज्ञानाची शिक्षिका, वर्गात पोरांना म्हणते मोबाइलचा नाद वाईट.

१७ जून
ह्यांना विचारलं. ह्यांची अट जुनीच: कोळी फक्त भांड्यांच्या मांडणीवर, मावतील तेवढेच. म्हणाले, "मावते काय? कुठं मावते? पाह्य."
लोणच्याची बरणी खाली घेतली. मावलं.
"आता लोनचं कुठं ठेवशीन व?"
"तुमच्या डोक्यावर."
हसले. म्हणजे हो.

२३ जून
एसटीने पार्सल आलं. वाहकाने दोन बोटांत धरून दिलं, त्याला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. नाव निळी. अजून निळं काही नाही, पण नाव ठेवायला काय हरकत. हजेरी बारा.
संध्याकाळी मांडणीसमोर पाट टाकून बसले. काही करत नाहीत त्या. नुसत्या असतात. शाळेत सदतीस पोरं एकाच वेळी बोलतात, घरी बारा जणी एक अक्षर बोलत नाहीत. मला हेच आवडतं. आज फार बरं वाटलं.

१९ जुलै
खाणारी तोंडं बारा, त्यात तीन वाढत्या वयाच्या. शबानाताई रातकिड्यांचा डबा पाठवतात तो पंधरा दिवस पुरायचा, आता आठवड्यात संपतो. हे म्हणतात, "तुह्या माहेरची वरात परवडली."

७ ऑगस्ट
पार्सल भिजून आलं. रातकिडे एकूण एक मेलेले. सगळ्या उपाशी. रोझीचं पोट मला लहान वाटतं. ह्यांना वाटत नाही. ह्यांना कधी काय वाटतं!

९ ऑगस्ट
हे शेतातून आले ते खिशात तंबाखूची डबी वाजवत. आत नाकतोडे, सहा. हिरवेगार, टणाटण उड्या मारणारे.
"घे. इतके पडले हायत, अन् तू अकोल्याहून मागवते."
माणसाने आजवर मांडणीकडे सरळ पाहिलं नाही, आणि वाकून वाकून नाकतोडे धरले. मला भरून आलं. विचारलंसुद्धा नाही कुठले. मोठीचा मान पहिला म्हणून रोझीला एक दिला. तिने झडप घातली. बाकीच्यांना उद्या.

१० ऑगस्ट
रोझी थरथरते आहे. एक पाय उचलते, तो जागच्या जागी हलत राहतो. चालायला गेली की तिरकी.
ह्यांना विचारलं, नाकतोडे कुठले?
"घरामागच्या सोयाबीनीतले."
"फवारलंय ना तिथं?"
"आठ दिवस झाले न त्याले. पाऊस पडून गेला. म्या म्हटलं धुऊन गेलं अशीन."
उरलेले पाच मी चुलीत टाकले.
गेल्याच आठवड्यात सातवीच्या फळ्यावर अन्नसाखळी काढली. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. गवतावर विष पडलं तर ते कुठपर्यंत जाईल? पोरांनी बरोबर उत्तर दिलं. मी प्रत्येकाला शाबासकी दिली.

११ ऑगस्ट
शबानाताई फोनवर: "पानी रखो, अंधेरा रखो, हाथ मत लगाओ. बाक़ी ऊपरवाला."
औषध नाही. डब्यावर परत तो पहिला टॉवेल.
दोष ह्यांचा नाही. मला बारावी हवी होती म्हणून खाणं कमी पडलं, खाणं कमी पडलं म्हणून डबी आली. अकरावर थांबले असते तर.

१२ ऑगस्ट
शाळेतून येताना गावदेवीपाशी थांबले. चप्पल काढली. नवस बोलले: रोझी वाचली तर आता एकही नवीन आणणार नाही. बारावर थांबले. मी, विज्ञानाची बाई! कोळ्यासाठी! आजूबाजूला कोणी नाही हे पाहून मग बोलले, पण बोलले.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. मान हलवली. जेवताना अर्धी भाकर ताटात राहिली.

२४ ऑगस्ट
थरथर कमी आहे. गेली नाही. पाणी पिते असं वाटतं. खात नाही.

२९ ऑगस्ट
आज धुऱ्यापलीकडे ज्यांचं शेत आहे ते उकंडराव दारात उभे.
"बाई, तुमच्या मालकाचं काही बिघडलं काय? घरामागची सा तासं तशीच सोडली, ह्या खेपेले फवारलीच नाही. अळ्या पाह्यल्या काय? म्या म्हटलं काहून सोडली बे, त म्हनते, बायकोच्या जनावराचं कुरन हाय."
मागे जाऊन पाहिलं. खरंच. सगळं शेत काळंभोर हिरवं आणि घराला लागून सहा ओळी, पानांची चाळणी झालेली. चार जणांत हसू करून घेतलं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.
त्यातले नाकतोडे मी देणार नाही. वारा इकडचं औषध तिकडे नेतोच. हे त्यांनाही ठाऊक असणार, पन्नास वर्षं शेत करतात. तरी सोडल्या. तिथेच उभी राहून रडले थोडी, मग कोथिंबीर खुडून आत आले.

१४ सप्टें.
रोझीच्या पोटावरचा उघडा भाग काळा पडलाय. कात टाकायच्या आधी असा पडतो. मरायच्या आधीही पडत असेल, मला काय माहीत. हजेरीत तिचं नाव शेवटी घेते हल्ली.

२१ सप्टें.
आज सुट्टी. अंघोळ करत होते, बाहेरून ह्यांची हाक:
"अवं ये लवकर! गेली व तुही रोझी! उतानी पडली!"
ओल्या केसांनी धावले. डबा मांडणीवर नाही. हे लिंबाखाली, डबा बाजूला, हातात फावडं, वीतभर खड्डा खणून तयार. डोळे लाल.
"तुले पाहा लागू नये म्हनून..."
डब्यात पाहिलं. पाठीवर होती, पण पाय पसरलेले. मेलेली टॅरेंटुला पाय पोटाशी आवळते, पाठीवर पडत नाही. पाठीवर पडते ती कात टाकायला.
"फावडं ठेवा. हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका."
डबा तिथेच ठेवला, लिंबाच्या सावलीत. दोघं खड्ड्याच्या काठावर बसलो. स्वयंपाक नाही, काही नाही. दुपारपर्यंत ती जुन्या अंगातून एकेक पाय काढत होती, अंगरखा काढावा तशी. आठवा पाय अडकला. हे पुटपुटले, "वढ व, वढ." निघाला.
गुलाबी. नवीकोरी. इतकी गुलाबी ती पहिल्या दिवशीही नव्हती.
खड्ड्यात ह्यांनी कढीपत्ता लावला.

२ ऑक्टो.
रोझीने खाल्लं. अकोल्याचा रातकिडा, झडप घालून. थरथर नाही. गावदेवीला नारळ फोडला. बारावर थांबले. मनाला फार शांत वाटतं.

५ ऑक्टो.
सोयाबीन काढली. त्या सहा तासांत शेंगा नावालाच. उकंडरावांनी जाता जाता विचारलं, "कुरन कसं पिकलं?" हे म्हणाले, "जनावर जगलं न."

११ ऑक्टो.
शबानाताईंचा फोटो. जांभळी, मखमलीसारखी. उत्तर पाठवलं: नवस आहे, ताई. त्या: "मन्नत है तो मन्नत है." फोटो पुसून टाकला.
पुसायच्या आधी ह्यांना दाखवला, एवढंच.

१८ ऑक्टो.
हे बियाण्याच्या कामाने अकोल्याला जाऊन आले. पिशवीतून बियाणं निघालं नाही. लहान डबा निघाला, झाकणाला भोकं पाडलेला.
"हे काय?"
"जांभई." फोटोतली जांभळी, ह्यांच्या बोलीत.
"अहो, नवस!"
"नवस तू बोलली. म्या कुठं बोललो?"
ते डब्याकडे वाकून बघत होते, मी पहिल्यांदा टॉवेल उचलून बघत होते तसे. मग हळूच, "ह्याचं झाकन कसं उघडू? घाबरन न ते?"
उघडायला शिकवलं. चिमटा कसा धरायचा, तेही.
गावदेवी काय म्हणेल, मला खरंच माहीत नाही. उद्या शाळेतून येताना थांबून विचारते. तोवर डबा मांडणीवर नाही, टेबलावर, त्यांच्या चष्म्याशेजारी.

१९ ऑक्टो.
हजेरी: बारा. टेबलावर एक.
गावदेवीपाशी थांबले, उभी राहिले, काही विचारलं नाही.
आल्या आल्या हे म्हणाले, "नाव सांग न ह्या जांभईचं. तुले येतात नावं."
सांगितलं नाही. एकदा नाव ठेवलं की ती आपली होते. तीन नावं शोधून ठेवली आहेत.