तीन पायांवर चालणारी आई

प्रिय ठकू,

बाबा आणि पत्र, हे काय नवीन, असं म्हणशील. पण फोनवर मला दोन वाक्यांपुढे जमत नाही, हे तुला माहीतच आहे.

आधी बातमी. आमच्या प्राणिसंग्रहालयातली ती थोराड माकडीण, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती दीड महिन्यापूर्वी व्याली. पिल्लाच्या दोन्ही हातांना बोटंच नव्हती, मनगटापाशी नुसते गोळे. माकडाचं पिल्लू जन्मल्यापासून आईच्या केसांना धरून पोटाशी लटकतं. याला धरताच येईना. सारखं घसरायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवस बघू, दूध ओढलं नाही तर काढून घेऊ आणि बाटलीवर वाढवू. मी पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसलो. तीस वर्षांच्या नोकरीत इतका वेळ एका जागी कधी बसलो नसेन.

मावशीने ते गोळे हुंगले, चाटले आणि विषय संपवला. एका हाताने पिल्लू पोटाशी दाबायचं आणि उरलेल्या तीन पायांवर चालायचं, चढायचं तेही तसंच. पाजताना त्याचं डोकं तळव्यावर तोलून धरायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पठ्ठ्या टम्म पोटाने झोपला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, उठा आता, बाईंना आपली गरज नाही."

परवा तर त्याने मनगटांचा चिमटा केला, दोरीला दात लावले आणि हातभर वर चढला. आपटला, पुन्हा चढला. झाडूवाल्या बाई काम टाकून टाळ्या वाजवत होत्या, मी डोळे पुसत होतो आणि मावशी आमच्याकडे पाठ करून केळं खात होती.

आता खरं सांगतो. रविवारी तू फोनवर विचारलंस, बाबा, माझा हात पहिल्यांदा पाहिलात तेव्हा काय वाटलं? मी म्हणालो, काही नाही, आणि फोन आईकडे दिला. खोटं बोललो, ठकू. कोपरापुढे न वाढलेला तुझा डावा हात पाहून मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसलो, आणि आठ दिवस तुला उचललं नाही. आईने हे तुला कधी कळू दिलं नाही. नवव्या दिवशी तिने तुला सरळ माझ्या मांडीवर टाकलं. तू तो आखूड हात छातीशी आवळून माझा अंगठा त्यात घट्ट दाबलास आणि सोडेचनास. मी तेव्हा जो सापडलो तो आजतागायत. तुझ्या पोटातल्या बाळाचा हातही सोनोग्राफीत तसाच दिसतोय असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून जावईबापू गप्प आहेत म्हणालीस. त्यांच्यावर रागावू नकोस. हे पत्र त्यांना वाचायला दे. आणि बाळ आलं की आठ दिवस वाट बघू नकोस, पहिल्याच दिवशी त्यांच्या मांडीवर टाक.

तुझाच,
बाबा