केवळ कापड तपासण्यासाठी

दि. ११ मार्च

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. माझा खोकला थांबला. घर मात्र ठिकाणावर नाही, आणि त्यास कारण तुझे यजमान आहेत.

आठ दिवसांसाठी आलेल्या जावईबापूंचा मुक्काम दुसऱ्या महिन्यात गेला. तक्रार नाही. जावई हा दशमग्रह असे लोक म्हणतात. मी म्हणत नाही, केवळ नोंदवितो. त्यांचे सुरय पक्षी तलावातील ज्या बेटावर अंडी घालतात, ते बेटच अजून पाण्याखाली आहे. पाणी ओसरेल तेव्हा बेट वर येईल, मग पक्षी येतील, आणि मग हे जातील. इतका धीराचा माणूस मी पाहिला नाही. रोज सकाळी धरणाच्या कार्यालयास फोन लावतात, "अजून नाही? बरं बरं," म्हणतात, आणि बांधलेले सामान सोडून पुन्हा आनंदाने बांधावयास बसतात.

बैठकीत तंबू उभा आहे. तो गळतो काय हे पाहण्यास त्यांनी वर बादलीभर पाणी ओतले. तंबू गळला नाही. खालच्या बिऱ्हाडाचे छत गळले. तेथील बाई धावत आल्या. "काका, नळ फुटला का हो?"

"नाही. संशोधन चालू आहे," मी म्हणालो.

पक्ष्यांना दिसू नये म्हणून कापडी आडोशात तासन्तास निश्चल बसावे लागते. त्यास ते लपण म्हणतात. त्यांचा मदतनीस सरावास बसला, सारखा चुळबुळला, आणि अखेर दुसरी नोकरी धरून गेला. मी केवळ कापड तपासण्यासाठी आत बसलो. जावईबापू घरभर हाका मारीत होते, "बाबा! अहो बाबा!" मी हललो नाही. जेवणवेळेस बाहेर आलो.

"कमाल केलीत, बाबा!"

"गिरणीच्या फाटकावर जन्मभर रखवालदारी केली आहे," मी म्हणालो. "तेथे हलण्याचा पगार नव्हता."

तूर्त रोज बसतो. कापडासाठीच.

काल बेटाचे टोक दिसले. सोमवारी होडी निघणार. मदतनिसाची जागा रिकामीच. जेवताना जावईबापू म्हणाले, "एखादा पोरगा मिळाला असता तर बरं झालं असतं." पोरगा! मी पाणी प्यालो. सासऱ्याने जावयापाशी मागावे, ही आपली रीत नाही. ते माझ्या वयाचा मान राखून विचारणार नाहीत, मी तो मान राखून सांगणार नाही, आणि एवढ्या मानापायी होडी रिकामी जाईल.

सबब, तू त्यांना फोन करावास. विषय तुझ्याच मनातून निघालेला असावा. मी शेजारी बसलेला असेन, परंतु मला काही ठाऊक नसेल. मीच फोन केला असता. परंतु आपल्या भिंतींस नसले तरी तंबूस कान आहेत. म्हणून हे पत्र तुझ्या गावच्या बसवाहकाच्या हाती देत आहे.

ते गेल्यावर बैठक मोकळी होईल. ती किती मोकळी असते, हे तुला माहीत नाही.

जाड मोजे धुऊन वाळत घातले आहेत. थंडी संपली, हे मला कळते.

यातील काहीही मी कळविलेले नाही, तरी कळावे.

तुझे वडील