मामाच्या व्हॅनवरचा दिवा

११ जून, बुध.
मामाने शाळेचा लोगो पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर, तोही कुणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट. मोठा केला तर दिवा आहे की वांगं, कळेना. कॉम्प्युटरवर ऑटो ट्रेस मारला, आपोआप रेघा काढून देतो तो. गोलाला कोपरे, ज्योतीला मिशा. किळस आली. सगळं पुसून हाताने रेघा काढायला घेतल्या. सोमवारी शाळा उघडायच्या आत त्याच्या व्हॅनवर हा लोगो पिवळ्या रेडियममध्ये कापून लागायला हवा म्हणे. शाळेशी बोललास ना, विचारलं. सगळं झालंय म्हणाला.

१२ जून, गुरु.
दिवा, पुस्तक, दोन लोंब्या. लोंब्यांनी जीव खाल्ला. दाण्यांमधल्या फटी ठेवाव्यात तर ब्लेड रेडियम फाडतं, बुजवाव्यात तर मक्याचं कणीस दिसतं. दाणे कमी केले, फटी रुंद केल्या. जमलं.
आई मागे उभी. मामाचं काम आहे, नीट कर. बाबा गेल्यावर त्यानेच आपल्याला त्याच्या गावी, वळला, नेऊन सांभाळलं. दर वेळी नव्याने सांगते. खरं आहे, म्हणून जास्त चिडचिड.

१३ जून, शुक्र.
दाराचं माप घ्यायला गेले. शी. व्हॅनमधल्या सीटा काढून फळ्या टाकल्यात. आतापर्यंत सूत वाहायची, तो तेलकट वास अजून तसाच. खालचा पत्रा कुजलाय, भोकातून रस्ता दिसतो. सरकत्या दाराला कडी नाही, सुतळी बांधलीय. यात पोरं बसवणार.
दार पुसलं तर जुन्या रेडियमचा डाग दिसला. बाकी रंग उन्हाने उडालाय, स्टिकरखालचा तेवढा गडद. दुसऱ्याच शाळेचा लोगो. कुणी कापला होता देव जाणे, गोलाला तेच कोपरे. ती शाळा का सुटली, विचारलं.
"वाटेत दार उघडलं. एक पोरगी पडली. जरासं लागलं, मेली न्हाय काय."
आणि या शाळेला व्हॅनचा पत्ताच नाही. लोगो असला की गेटवर कोण विचारतंय, म्हणाला. हसत होता.
"तू निस्ता काप, बाय."

१४ जून, शनि.
आईला सांगितलं. तिचं उत्तर, त्याला नाही म्हणालीस तर माझं माहेर तुटलं. मामाला फोन केला, निदान दार तरी दुरुस्त कर. दिवाळीत बघू म्हणाला.
तिरीमिरीत प्लॉटर मशीनला रेडियम लावलं, कापून टाकलं. इतकं स्वच्छ काम कित्येक दिवसांत झालं नव्हतं. त्याचीच जास्त घाण वाटली. चिमट्याने बाजूचं रेडियम सोलायचं बाकी. हात लावला नाही.

१५ जून, रवि.
खालच्या मजल्यावरच्या रुबिनाभाभी वर आल्या, शीरखुर्मा घेऊन. त्यांची झोया उद्यापासून पहिलीत. मामाच्या व्हॅनने.
"मैं तो डर रही थी. फिर मामा बोले, स्कूल का निशान तुम बना रही हो. तब जाके हाँ बोली."
मी वाटी घेतली. थँक्यू म्हणाले. थू माझ्यावर.
मामा येतोय. आईने चहा ठेवलाय, माझ्याकडे बघत नाही. रेडियम टेबलावर तसंच. चिमटा उचलला, ठेवला. चप्पल घातली.
खाली हॉर्न वाजतोय. भाभींचं दार उघडंच आहे; आधी तिथे जाऊन त्या सुतळीचं सांगते.