चौघांना बोललेलं नाव

६ जाने., मंगळवार. यवतमाळ

पोरगी अजून काचेच्या पेटीतच. मनूच्या पोटी सातव्या महिन्यातच आली, ओंजळीत मावेल एवढी. पहिलीच नात, अन् मी अजून हात लावलेला नाही. काचेतून बघते. पायाला पट्टी, तिच्यावर लिहिलंय ‘मनीषाचं बाळ’. नाव नाही.

डॉ. म्हणतात, बघू. बघू म्हणजे काय हो? बघूनच तं राह्यलो आपण सगळे.

रविवारी मनूला आत नेलं तेव्हाच माहूरकडे तोंड करून बोलले, रेणुकामाय, पोर वाचव, तुझंच नाव ठेवते. आमच्या कुळाची देवी. पहिला मान तिचाच.

८ जाने., गुरुवार

आज पाचवी. दिग्रसला घरी असतो तर सटवीची पूजा मांडली असती. इथं वॉर्डात कुठली पूजा! मनूच्या उशीखाली कोरा कागद अन् पेन सरकवून दिला. रात्री सटवी येते, पोराचं नशीब लिहून जाते. पेन चालतो का ते आधी हातावर ओढून बघितलं. ऐनवेळी शाई वाळलेली निघाली म्हणजे?

मनू बघत होती. एम.एस्सी. झालेली पोरगी माझी. म्हणाली, "आई, काढ ते. अन् देवाबिवाचं नाव कबूल करून बसू नको कोणाले. घरी आली का मीच ठेवीन नाव." मी बरं म्हटलं. कागद काही काढला नाही. तिनंही नाही काढला.

जावई राजूरहून आले. खाणीतली ड्यूटी संपवून तसेच बसमध्ये बसले. पेटीसमोर उभे राहून नुसतं नाक ओढत होते. एवढा धिप्पाड माणूस. मला बघवेना. बाहेर येऊन केळापूरच्या जगदंबेला बोलले, अंबा ठेवते. त्यांच्या घरची देवी ती. त्यांचाही मान नको का?

११ जाने., रवि.

श्वास घ्यायला विसरते म्हणे. मशीन ओरडतं, सिस्टर धावते, तळपायाला टिचकी मारते, मग घेते. सकाळपासून हेच चाललंय.

"विसरते म्हणजे काय?" मी विचारलं.

सुनंदा सिस्टर म्हणाली, "काकू, लवकर आलेल्या लेकराईचं असंच असते. त्याईले आठवण द्या लागते."

श्वासाची आठवण! सारा जन्म प्राथमिक शाळेत गेला माझा. पोरं पाढे विसरतात, डबा विसरतात, चप्पल विसरून अनवाणी घरी जातात. असं विसरलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

कळंबच्या चिंतामणीला बोलले. पण पोरीला गणपतीचं नाव काय द्यायचं? गौरी म्हटलं. आईचं नाव ऐकून तरी पावेल. जिन्यापर्यंत आले तर वाटलं, कमी पडलं. मग रुक्मिणीला बोलले. ती तर आपल्या विदर्भाचीच लेक, माहेरच्या पोरीकडे बघणार नाही?

चौघं झाले. रोज हजेरी घेते मी त्यांची. ‘हजर’ म्हणायला कोणी तयार नाही.

१४ जाने., संक्रांत

हळदीकुंकू नाही, वाण नाही. वॉर्डातल्या एका बाईनं तीळगूळ हातावर ठेवला, तो तसाच रुमालात बांधला. नळीतून दूध गेलं, थेंबाथेंबानं. टिकलं. उलटी नाही.

दुपारी हे डबा घेऊन आले. जेवताना विचारलं, "नाव काय ठेवाचं म्हणते मनू?" सांगून टाकलं सगळं, की मी चार ठिकाणी कबूल करून बसली.

हे हसले. हसले! "अवं, सगळे एकच तं हायेत. रेणुका म्हण, अंबा म्हण, गौरी म्हण. नावं आपण ठेवले."

"एकच हाये तं मंग एवढ्या हाका मारून तिच्या कानी काहून नाही जात? अन् तुमच्या नावाचं आवतन शेजाऱ्याच्या घरी गेलं तं चालते का तुमाले? गेल्या साली केवढे रुसले होते!"

हे म्हणाले, "माह्यासंगं भांडू नको. मलेही भेव वाटते." अन् अर्धा डबा तसाच झाकला. मग मलाच वाईट वाटलं.

१६ जाने., शुक्र.

रक्तात इन्फेक्शन. रक्त चढवलं, औषधं बदलली. राखेसारखा रंग झालाय पोरीचा. डॉ. आज बघूसुद्धा म्हणाले नाहीत.

मले माहीत आहे काहून झालं. एक पोर अन् चौघांना कबूल. एकाच मुलीची सोयरीक चार घरी केल्यासारखं. माणसं नाही खपवून घेत, देव कायले घेतील? माझ्यामुळे झालं. या मेल्या जिभेमुळे. भीती वाटली की बोल, भीती वाटली की बोल.

उद्यापासून एकेकाकडे जाऊन माफी मागते. एक नाव ठेवते, बाकीची परत घेते. कळंब सगळ्यात जवळ.

१७ जाने., शनि.

सकाळच्या एसटीनं कळंब. पायऱ्या उतरून खाली देवळात गेले. गर्दी नव्हती. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. देवा, गौरी नाव ठेवत नाही, राग मानू नको, म्हातारीची चूक पोटात घाल.

तोंडातून निघेना.

मनात आलं, हाच असला तर? चौघांतल्या कोणी तिला धरून ठेवलंय, मला काय माहीत? मी कुळाची म्हणून रेणुका ठेवेन, अन् इतके दिवस धरून बसलेला असेल हा. ह्याला नाही म्हटलं अन् ह्यानंच हात सोडला तर? एकाला तरी नाही म्हणायची हिंमत आहे का माझी? नाही.

नारळसुद्धा न फोडता वर आले. स्टँडवर बसून ढसाढसा रडले. बाजूची बाई पाठीवर हात ठेवून विचारत होती, "काय झालं वं माय?" काय सांगू तिला.

राहू द्या चौघंही. रागवायचं तर माझ्यावर रागवा. माझे हातपाय घ्या, डोळे घ्या. तिला काय कळतं, तिनं कोणाला काही कबूल नाही केलं.

१९ जाने., सोम.

मनूला ताप. परवापासून पेटीजवळ जाऊ देत नाहीत तिला. भिंतीकडे तोंड करून पडून असते. आज तिनंच विचारलं, "आई, शनिवारी कुठं गेलती तू?"

सांगितलं. वाटलं, आता फाडून खाते मला. ती माझ्याकडे वळली.

मग म्हणाली, "पाचवं धर."

"काय?"

"पाचवीच्या रात्री मी सटवीले बोलली. म्हटलं, तुह्यं नाव कोणीच ठेवत नाही, मी ठेवतो. पण आयुष्य लांब लिही."

अगं बाई! सटवी? शिवी आहे ती! दारात उभं राहून पोरीला हाक मारली तर अख्खी गल्ली भांडायला येईल. मी तसं म्हटलं तर फिस्सकन हसली. मलाही हसू आवरेना. दोघी तोंड दाबून हसत होतो. मग हसता हसताच तिनं माझा पदर तोंडात कोंबला, वॉर्डात आवाज जाऊ नये म्हणून, अन् एवढी रडली, एवढी रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

शांत झाल्यावर विचारलं, "कागद पाह्यला का तू?"

"रोज पाह्यतो," म्हणाली. "कोराच हाये."

२२ जाने., गुरु.

इन्फेक्शन थोडं उतरलं म्हणतात. थोडं. वजन वाढत नाही. सिस्टर म्हणाली, "आता छातीशी लावून धरा लागते तिले, ऊब पाह्यजे. आईले ताप हाये, तं काकू, तुमीच बसा."

कोपरापर्यंत हात धुतले. गाऊन घातला. तिनं पोर उचलून माझ्या उघड्या छातीवर ठेवली. पहिल्यांदा हात लागला. वजन असं नाहीच, होतं ते नळ्यांचं. पाठीवर माझी दोन बोटं पुरली. कानाशी मऊ लव आहे तिच्या, काचेतून दिसलीच नव्हती.

"बोलत राहा. विसरली तं पाय चोळा अन् आवाज द्या," सिस्टर म्हणाली.

काय बोलू? बेचा पाढा म्हटला. तीनचा म्हटला. चारचा अर्धा झाला असेल, मशीन ओरडलं. बोटांखालची पाठ हलेना. ओठ निळे. तळपाय चोळला, काही नाही. सिस्टर पलीकडच्या पेटीजवळून ओरडली, "आवाज द्या काकू, मी आलीच!"

आवाज द्या. कोणत्या नावानं? एवढी नावं गोळा केली अन् पोरीचं एकही नाही.

रेणुका म्हटलं. रेणुके, अंबा, गौरी, रुक्मिणी, ए सटवे, घे नं वं, गौरे, जगदंबे, घे नं माय, अंबे, रेणुके, घे... शाळेतल्या हजेरीसारखी, पण उत्तराला न थांबता. पोरीला हाका मारत होते का त्यांना, मलाच सांगता येणार नाही.

अंग दचकलं. घेतला.

सिस्टर येऊन बघून गेली. म्हणाली, "तुमीच बसा उद्याही." मी उठले नाही.

संध्याकाळी मनूला सांगितलं. तापानं फणफणलेली, तरी उठून बसली. माझा हात घट्ट धरला. "आई, कोणत्या नावावर घेतला? सांग. तेच ठेवू."

नाही कळलं मले. मी थांबलीच नव्हती.