गिअरचं तेल आणि छतावरचा डाग

आई,

उल्हासनगरच्या आपल्या खोलीत, स्टोव्हच्या बरोबर वर, छताला वरणाचा एक पिवळा डाग होता. तू गेलीस, बाबा गेले, ती चाळही पाडली, तिथे आता जीन्स शिवणाऱ्यांचा गाळा आहे. तो डाग मात्र गेले काही दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जेवताना ताटातल्या वरणाकडे बघतो आणि वाटी बाजूला सारतो. काय झालं ते तुला सांगायला लाज वाटते, पण तुला माझं शेंबडं नाकही माहीत आहे, तेव्हा तुझ्यापुढे आणखी किती लाजणार?

मी आता बदलापूरला राहतो. तुझी सून अंबरनाथ एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तुझ्यासारखीच कमी बोलते, हसते मात्र तुझ्यापेक्षा जास्त. हसायची, असं म्हणायला हवं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिची रिक्षा उलटली आणि डाव्या पायात सळई बसवावी लागली. तेव्हापासून शेअर रिक्षात चढणं म्हणजे तिला रोजची परीक्षा. माणसं मागून ढकलतात, रिक्षावाला म्हणतो, "मॅडम, जल्दी बैठो ना." म्हणून आम्ही जुनी का होईना, ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिच्यात क्लच नसतो, डाव्या पायाला कामच नसतं. पहिल्यांदा एकटी कंपनीत जाऊन आली, तेव्हा येताना जिलबी घेऊन आली आणि गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवून तिला हळदीकुंकू लावलं. मी चेष्टा केली तर म्हणाली, "तुला नाही कळायचं. माझे पाय आहेत ते."

आणि मी पडलो बाबांचा मुलगा. तुला आठवतं ना, रविवार आला की बाबांना घरातलं काहीतरी उघडल्याशिवाय चैन पडायचं नाही? कधी इस्त्री, कधी पंखा, कधी शेजाऱ्यांचा रेडिओ. निम्म्या वस्तू जोडताना स्क्रू उरायचे आणि बाबा म्हणायचे, कंपनीवाले उगाच जास्त घालतात. मी त्यांना मनातल्या मनात हसायचो. आता मीच मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवलं की इंजिनचं तेल घरीच बदलायचं. रविवारी सकाळी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये गाडी जरा उंचावर चढवली, जुना पायजमा घातला आणि पाठीवर खाली सरकलो. खाली दोन नट असतात, एक इंजिनचं तेल सोडायचा आणि एक गिअरबॉक्सचं. हे मी व्हिडिओत पाहिलंही होतं. पण समोर जो नट आधी दिसला तोच आपला, असं धरून मी तो सोडला.

लाल तेल आलं, आई. कोकमाच्या सरबतासारखं, पातळ, स्वच्छ. जुनं इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं हे रस्त्यावरचं पोरही सांगेल. मला वाटलं, वा, आधीच्या मालकाने गाडी काय छान ठेवली होती! नट घट्ट केला आणि वरून इंजिनमध्ये नवं तेल ओतलं. म्हणजे इंजिनच्या पोटात जुनं तर होतंच, त्यावर नवं. आणि गिअरबॉक्स जवळजवळ कोरडा. पट्टी काढून तेलाची पातळी बघायची असते, तीही बघितली नाही, कारण मोजून ओतलं होतं ना मी! हात धुऊन वर आलो, तेव्हा छाती अशी फुगली होती की तुझ्या सुनेने हसून विचारलं, "इंजिनियर साहेब, चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. गाडी पुलाच्या चढावर अडकली होती. इंजिन नुसतं ओरडत होतं, चाकं ढिम्म, मागून धूर, आणि पाठीमागे हॉर्नचा कल्लोळ. मी फोनवरच सुरू झालो, "गिअर डीमध्ये टाकलायस का? ब्रेकवर पाय ठेवून रेस देत असशील." ती म्हणाली, "नाही रे, सगळं बरोबर केलंय." मी स्कूटर काढून पोचलो. दोघातिघांनी धक्का देऊन गाडी कडेला लावली होती, ती बॉनेटला टेकून उभी होती. एक रिक्षावाला हसत म्हणाला, "भाऊ, वहिनींना स्टँडपर्यंत सोडत जा की, कशाला त्रास देता?" त्या वेळी मी काय करायला हवं होतं? मी त्याच्याबरोबर हसलो. आणि म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी कुणाला काय बोललो. पण शब्द गेला होता, आणि ती माणसं अजून हसत होती.

ही म्हण मी कुठून उचलली, ते तुला सांगायला नको. तो रविवार मला लख्ख दिसतो. बाबांनी कुकरच्या झाकणाचा सेफ्टी वॉल्व्ह बाजारातून आणून स्वतः बसवलाय. तू वरण लावलंयस. मी पाटावर बसून पेन्सिलीला टोक काढतोय. तेवढ्यात बंदूक उडावी तसा आवाज होतो आणि अख्खं वरण छताला. शेजारपाजारचे धावत येतात. बाबा दारात उभे राहून सगळ्यांना सांगतात, "हिनं पाणीच कमी घातलं असणार. नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसतात, मीही हसतो. तू स्टुलावर चढलेली, केसांत डाळ, आणि वरूनच मला म्हणतेस, "दात काय काढतोस? ओलं फडकं आण." बस, तेवढंच. बाबांना एक अक्षर नाही. तू पुसलंस, पण डाग राहिला. आणि त्यानंतर कुकर जो माळ्यावर गेला तो गेलाच. तू जन्मभर पातेल्यात डाळ शिजवलीस आणि बाबा जन्मभर कुरकुरले की हिच्या वरणाला फार वेळ लागतो. मला नोकरी लागल्यावर मी तुला नवा कुकर आणला होता, तोही तू खोक्यातून काढला नाहीस. "कुकरला काय झालंय? मलाच भीती बसलीय," म्हणालीस. मला तेव्हा तुझा राग आला होता.

गाडी ओढून घरी आणली. तुझ्या सुनेने किल्ली खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून शेअर रिक्षाने जायला लागली. मी दोन दिवस तिला ब्रेक कसा दाबावा ते समजावत होतो. मग सोडलेलं तेल फेकून द्यावं म्हणून ते ज्यात धरलं होतं तो गोडेतेलाचा जुना डबा उचलला, आणि त्यातला लाल रंग पुन्हा दिसला. या वेळी डोकं चाललं. इंजिनची पट्टी काढली, तेल खुणेच्या कितीतरी वर, आणि काळं. मी तिथेच फरशीवर बसलो.

उल्हासनगरला ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे बाटलीत ते लाल तेल घेऊन गेलो. त्याने बाटली उजेडात धरली. "साईं, ये तो गिअर का है. किसने निकाला?" मी म्हणालो, "गॅरेजवाल्याने." तो म्हणाला, "वो गॅरेज छोड़ दो." मी मान डोलावली.

इंजिनमधलं जादा तेल आधी काढलं. पण गिअरचं तेल एकट्याने भरता येत नाही, आई. बारीक नळीतून थोडं थोडं ओतायचं, इंजिन चालू ठेवायचं, आणि आत कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर एकेका खुणेवर सरकवत राहायचं, म्हणजे तेल आतवर फिरतं. तिलाच बोलवावं लागलं. बसताना तिने दार लावलं नाही, उघडंच ठेवलं. मी ओरडायचो, "आर." ती म्हणायची, "टाकला." "एन." "टाकला." "डी." आणि डीला गाडीने हलकासा हिसका दिला, जागी झाल्यासारखा. तिला तो सीटमध्ये जाणवला. "गिअर पकडला!" म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मग खाली उतरून विचारलं, "काय झालं होतं रे हिला?"

"गिअरचं तेल संपलं होतं."

"असं कसं संपलं?"

"गळलं असेल."

तिने वाकून गाडीखालच्या फरशीकडे पाहिलं. स्वच्छ कोरडी फरशी. मग माझ्याकडे पाहिलं. मी नरसाळं पुसत होतो. ती थांबली, मला बोलायला पुरेल इतकी थांबली. मग "बरं" म्हणाली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि बॉनेटवर सांडलेले थेंब पुसायला लागली.

गाडी आता झकास चालते, मी वांगणीपर्यंत नेऊन आणली. तिला म्हटलं, घेऊन जा. "गाडी ठीक असेल," ती म्हणाली, "मलाच भीती वाटते." आज सकाळीही ती रिक्षाने गेली. किल्ली खिळ्यालाच आहे, तिच्यावरचं कुंकू अजून पुसलेलं नाही.

त्या वॉल्व्हचं बाबांना खरं माहीत होतं का, हे मला आयुष्यभर कळलं नाही. आता वाटतं, माहीत असणारच. तुझी सून कामावरून परत आलीय, आत डाळ धुण्याचा आवाज येतोय. तिच्यापर्यंत जायला दहा पावलंही लागत नाहीत, आणि मी इथे बसून तुला एवढं लांबलचक लिहितोय. कारण तुला सांगणं सोपं आहे, आई. तू काही विचारत नाहीस. तू फडकं मागतेस आणि पुसून घेतेस.