नाताळच्या आठ पिक्चरांची यादी

१४ डिसेंबर १९९५, गुरुवार

आज महाप्याला कंपनीत नवे जनरल मॅनेजर आले. कंपनीचं हाउस मॅगझिन काढणार. जानेवारीच्या अंकात लेख हवा, 'ख्रिसमसला पाहण्यासारखे माझे आवडते चित्रपट'. इंग्रजीत. कोण लिहील, असं विचारलं. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मी हात वर केला. सर, आय वॉच एव्हरी इयर, असं ठणकावून सांगितलं.

आजवर एकही पाहिलेला नाही. पण अजून अकरा दिवस आहेत.

लेख २६ला सकाळी द्यायचा. जमला तर ऑफिसर ग्रेड कुठे गेली नाही. अठरा वर्षं स्टोअर्समध्ये काढली, कुणी माझं कशावर मत विचारलं नव्हतं.

१५ डिसेंबर, शुक्रवार

केबलवाल्या विपुलला गाठलं. इथल्याच गावचा पोरगा. वडिलांची भातशेती आमच्या सेक्टरखाली गेली, आता हा आमच्याच गच्चीवर डिश लावून बसलाय. त्याच्याकडून पक्की माहिती: इंग्रजी चॅनलवर १८ ते २५, रोज साडेसातला ख्रिसमस स्पेशल. म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, चॅनल येनार म्हंजे येनार.

संकल्प: आठही पूर्ण बघायचे. वहीत नोंदी, दहापैकी गुण. साडेसात ते साडेनऊ घरात कुकरसुद्धा लावायचा नाही.

वैजयंतीला सांगितलं. ती म्हणाली, तेवीसला मनालीचं गॅदरिंग आहे, लक्षात ठेवा. म्हटलं, तेवीस अजून लांब आहे.

१७ डिसेंबर, रविवार

नवी दोनशे पानी वही. खुर्ची टीव्हीसमोर आणून ठेवली. मनाली म्हणाली, बाबा, रोज माझं नाटकाचं पाठांतर घ्याल का? आनंदाने, म्हटलं. फक्त कंपनीची बस सातला सोडते, मग चहा, पेपर, मग पिक्चर. तेव्हा जाहिरात लागली की घेऊ. चौथीतली मुलगी, पण समजूतदार आहे. बरं म्हणाली.

१८ डिसेंबर, सोमवार

पहिला. नाव हुकलं, चहात साखर कमी होती म्हणून आत गेलो होतो.

स्टोरी: एक बडा एक्झिक्युटिव्ह, चोवीस तास फोनवर. मुलीचं शाळेत नाटक असतं आणि गृहस्थ चक्क विसरतो. शेवटी बर्फातून धावत अगदी शेवटच्या मिनिटाला हॉलमध्ये पोचतो. मुलगी स्टेजवरून बघते. सगळे रडतात.

मत: पटत नाही. मुलीचं नाटक विसरणारा बाप कुठे असतो? गुण सहा.

उच्चार फार अस्पष्ट. अमेरिकन लोकांनी जरा सावकाश बोलायला हवं. तरी नव्वद टक्के कळलं.

जाहिरातीत मनाली वही घेऊन आली. पण जाहिरातीतच तर नोंदी काढायच्या असतात. उद्या नक्की.

१९ डिसेंबर, मंगळवार

दुसरा. कुत्रा हरवतो, बर्फातून घरी येतो. उत्कृष्ट. कुत्र्याला संवाद नसल्यामुळे पूर्ण कळला. गुण नऊ.

मनाली आता रोज शेजारी स्टूल टाकून बसते. मध्येच मान वळवली तर ती टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघून काहीतरी लिहीत होती. नोंदी कशा काढायच्या ते शिकत असणार. संस्कार असेच होतात, वेगळे क्लास लावावे लागत नाहीत.

पाठांतर राहिलं. आज जाहिराती फार तोकड्या होत्या.

२० डिसेंबर, बुधवार

तिसरा. परत बाप फोनवर, या वेळी मुलगा. शाळेत गाणं. बाप अडकतो विमानतळावर. या देशात एकच स्टोरी आहे की काय?

आठ दहाला लाइट गेली. विपुलला फोन. तो म्हणाला, काका, लाइट काय मी नेली? उद्धटपणा वाढलाय. अंधारात वैजयंतीने सांगितलं की गॅदरिंग पाचला आहे, मनालीचं नाटक सहावं, म्हणजे साडेसहाच्या सुमारास. या वर्षी तिला मोठं काम मिळालंय म्हणे. कसलं, हे विचारणारच होतो, तेवढ्यात लाइट आली.

परीच असणार. गेली दोन वर्षं परीच आहे. अनुभवी कलाकाराला बाई कशाला बदलतील?

शेवट हुकला, तो अंदाजाने लिहून काढला: बर्फ, धावणं, रडणं. गुण सात.

२१ डिसेंबर, गुरुवार

चौथा पिक्चर नव्हता, गाण्यांचा कार्यक्रम होता. लाल स्वेटरमधला जाडा गायक शेकोटीपाशी बसून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा हात बराच वेळ धरून ठेवतो. कारण कळलं नाही. गुण पाच. विविधतेसाठी लेखात घेऊ.

स्वेटरवरून आठवलं, माझा तपकिरी स्वेटर सापडत नाही. जुना चष्माही नाही. वैजयंतीला विचारलं तर म्हणाली, मिळेल शनिवारनंतर. या घरात वस्तू जागेवर नसतात.

२२ डिसेंबर, शुक्रवार

पाचवा. बाप, फोन, मुलीचा नाच, बर्फ. गुण सात.

पण आज एक मुद्दा सुचला, लेखात पहिल्याच परिच्छेदात टाकतो. या सगळ्या पिक्चरांत हॉलमध्ये बाकीचे पन्नास बाप वेळेवर येऊन बसलेले असतात. त्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. मुलीला आठवतो तो शेवटच्या मिनिटाला आलेला. म्हणजे पाचपासून खुर्ची अडवून बसण्यापेक्षा साडेसहाला, नेमक्या क्षणी, दारात उभं राहिलेलं मनालीला जास्त आवडेल.

वैजयंतीला समजावून सांगितलं.  ती म्हणाली, तुमच्यासाठी पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवते, माणसासारखे पाचला या. मनालीने एवढंच विचारलं, येणार ना पण? म्हटलं, म्हणजे काय.

२३ डिसेंबर, शनिवार

हाफ डे. दुपारी लेखाची सुरुवात केली. तीन वाक्यं झाली, दोन चांगली आहेत. दोघी चारलाच गेल्या. मी सव्वासहाला निघालो. रिक्षा नाही. सहा वाजून पन्नास मिनिटांनी शाळेत.

नेमका क्षण वीस मिनिटांनी हुकला. शाळा वक्तशीर, म्हणजे परी येऊन गेलेली. पुढे जायचं तर सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं, म्हणून मागेच उभा राहिलो.

जे नाटक चालू होतं ते मात्र झकास होतं. एक बाप टीव्हीला नाक लावून बसलेला, हातात वही. मुलगी काही विचारायला आली की म्हणतो, थांब, जाहिरात लागू दे. जाहिरात लागली की म्हणतो, थांब, आता लिहू दे. बापाचं काम करणारा मिशीवाला पोरगा भन्नाट. खांदे उडवून हसायची त्याची लकब बघून तर मी भिंतीला टेकलो. शेजारचे नामदेवराव हॉलमध्ये पुढे बसले होते, ते वळून वळून माझ्याकडे बघत होते. इतक्या मोकळेपणाने हसणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल.

थोडं भडक वाटलं. असे बाप नसतात. पण पोराला पंधरा दिवसांत एवढं शिकवणाऱ्या बाईंचं कौतुक आहे. स्वेटरसुद्धा माझ्यासारखाच तपकिरी होता. सध्या फॅशन दिसते.

नाटक संपताच निघालो, सहावा पिक्चर गाठायचा होता. गाठला. मेंढीचं कार्टून. गुण आठ.

दोघी आल्या. वैजयंतीने विचारलं, कुठे होता? म्हटलं, मागे, उभा. मनालीला म्हटलं, परी फार गोड झाली होतीस. नाही बघितलं असं सांगून तिला कशाला दुखवा? ती आईकडे बघायला लागली. मग थँक्यू बाबा म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. वैजयंतीने ताट जरा आपटूनच ठेवलं. दमली असेल.

२४ डिसेंबर, रविवार

सकाळी दूध आणायला खाली गेलो, तर नामदेवरावांनी विचारलं, काय साटम, जाहिरात लागली का? मागून दोघं-तिघं हसले. लेखाची बातमी सोसायटीत पसरलेली दिसते. म्हटलं, अजून दोन पिक्चर बाकी आहेत. त्यावर आणखी हसले. नम्रपणे हात जोडून वर आलो.

विपुल जिन्यात भेटला. गॅदरिंगचं शूटिंग त्यानेच केलंय, उद्या साडेसातला स्वतःच्या चॅनलवर लावतोय. म्हणाला, काका, बगा हां, तुमी पन हाय त्यात. म्हटलं, साडेसातला आठवा पिक्चर आहे. तो म्हणाला, पिक्चर पुडच्या वर्षी पन लागंल.

सातवा: बाप, फोन. झोप लागली. गुण सात.

यादी पक्की. पहिला नंबर कुत्र्याला. शेवटचं वाक्यही तयार आहे, 'फॅमिली इज द रिअल ख्रिसमस'. चहा घेऊन आलेल्या वैजयंतीला वाचून दाखवलं. ती कप घेऊन परत आत गेली.

२५ डिसेंबर, सोमवार

साडेसातला बसलो, तर वैजयंतीने रिमोट घेतला आणि मांडीखाली ठेवला. लग्नाला बारा वर्षं झाली, असं तिने कधी केलं नव्हतं. म्हटलं, अगं, आठवा. ती म्हणाली, बसा.

विपुलचं चॅनल. आधी स्वागतगीत. मग वीस मिनिटं स्टेज रिकामं, प्रमुख पाहुणे आलेलेच नाहीत. कार्यक्रम सगळा पुढे ढकललेला. मग नाच, भाषण. मनाली माझ्या शेजारी स्टुलावर, हात मांडीवर.

मग ते नाटक. म्हटलं, हे मी पाहिलंय, हा पोरगा बघ आता काय करतो.

विपुलने कॅमेरा जवळ नेला. चष्म्याच्या काडीला माझी चिकटपट्टी. स्वेटरच्या कोपरावर वैजयंतीने केलेलं रफू. रफूची फॅशन नसते. मिशीखाली मनालीचा पडलेला दात.

मग कॅमेरा प्रेक्षकांवर. पहिल्या रांगेत रुमाल टाकलेली खुर्ची. मग पार मागे भिंतीपाशी एक माणूस, पोट धरून हसणारा. आजूबाजूचं कोणीच हसत नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. खांदे तसेच उडत होते.

नाटकाच्या शेवटी मुलगी कंटाळून आपलं पाठांतर भिंतीला म्हणून दाखवते आणि बाप टीव्हीच बघत राहतो. शनिवारी हा शेवट मला फार आवडला होता. वैजयंती हळूच म्हणाली, बाईंनी तसं लिहिलं नव्हतं. शेवटी बाबा टीव्ही बंद करतात असं होतं. मनालीनेच सांगितलं, बाई, असं नाही होत.

मला फार वाईट वाटलं.  आता काय करायचं हे मात्र मला बरोबर माहीत होतं, आठवडाभर तेच तर पाहत होतो. उठलो, पुढे गेलो आणि टीव्हीचं बटण बंद केलं. मग मनालीकडे वळलो.

मनाली म्हणाली, बाबा, लावा ना! आता पाहुणे मला बक्षीस देतात ते आहे.

घाईघाईने परत लावला. आमच्या सेटला गरम व्हायला मिनिटभर लागतं, आधी आवाज येतो. माइकवर कोणीतरी मनाली श्यामसुंदर साटम म्हणालं. टाळ्या आल्या. बऱ्याच होत्या. मी काळ्या काचेसमोर उभा होतो. चित्र आलं तेव्हा कोळीनृत्य सुरू झालं होतं.

मनाली म्हणाली, राहू दे. चपला घातल्या आणि खाली खेळायला गेली.