तिसरा रकाना

३ फेब्रुवारी

ती. दादास,
चिमणीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून पत्र. वहिनी, मुलं मजेत असतील. इथे कोणीच मजेत नाही.

आमच्या आरोग्य केंद्रात एकवीस दिवस टीबीच्या गोळ्या नाहीत. एक पाकीटसुद्धा नाही. आणि जिल्हा आरोग्य कार्यालयात बसून तू केलेला तो संगणकावरचा तक्ता, साहेबांनी पाठ थोपटली म्हणून तू घरभर मिरवला होतास तो, त्यात रुग्णाच्या नावापुढे दोनच रकाने आहेत: 'गोळ्या घेतल्या' आणि 'गैरहजर'. एक भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. वर विचारलं, तर सध्या गैरहजर लिहा, मग बघू, असं उत्तर आलं. म्हणजे समोर बाकावर बसलेल्या माणसांना मी नर्स म्हणून गैरहजर लिहायचं!

त्या बाकावर आपली आत्याही असते. चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली बाई. रोज नऊच्या ठोक्याला येते, मास्क लावून टोकाला बसते, गोळ्या नाहीत हे ऐकते आणि एक वही पुढे करते. त्यात तिने तारीख घालून लिहिलेलं असतं, 'आले होते. औषध नव्हते.' मी सही करते. मग आत जाऊन तिलाच गैरहजर करते. दादा, मला स्वतःची लाज वाटते.

चार महिन्यांत तिचा खोकला थांबला होता, अंगही धरलं होतं. आता खोकला परत आलाय. गोळ्या मध्येच सुटल्या की हा रोग मुजोर होतो, त्याच गोळ्यांना मग जुमानत नाही. हे तुमच्याच पोस्टरवर लिहिलंय. काहीतरी कर.

माया आहेच, ती जरा कामालाही येऊ दे.
तुझी चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

राग लहानपणापासूनच तुझ्या नाकाच्या शेंड्यावर. म्हणून जरा शांतपणे वाच.

गोळ्या रुग्णांच्या हजेरीवरून पाठवल्या जातात. तुमच्याकडचे अठराच्या अठरा रुग्ण तीन आठवडे आलेच नाहीत असं दिसतं, म्हणून या महिन्याचा साठा दुसरीकडे वळवला. नियमाप्रमाणे ते चूक नाही. औषधच संपेल हे तक्ता करताना माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आता रकाना वाढवायचा तर मंजुरी लागते, दोन महिने तरी जातील. न विचारता हात लावला तर माझ्या नोकरीवर येईल. सलग गैरहजर राहणाऱ्यांना आपोआप नोटीस जाते. आत्याला आली तर मनावर घेऊ नको म्हणावं.

तब्येतीला जप, रागाला आवर, आणि दादावरचा जीव कमी करू नकोस.
तुझा दादा

१७ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
आशीर्वाद नेहमीचेच, बाकी मजकूर रागाचा आहे.

नोटीस मिळाली. 'आपण बेजबाबदारपणे उपचार सोडले' असं मला लिहिलंय. मला! तुझं पत्रही वाचलं. चिमणी देत नव्हती, मी हिसकावून घेतलं. गोळ्या नाहीत म्हणून आम्ही गैरहजर, आणि आम्ही गैरहजर म्हणून गोळ्या नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझ्या शेजारी बाकावर एक शिंपी बसायचा. त्याची नोटीस शेजाऱ्यांनी वाचली. टीबी आहे आणि वर औषधही घेत नाही, म्हणून लोकांनी कपडे टाकणं बंद केलं. आता तो केंद्रात तोंड दाखवत नाही. शेवटी तुम्ही त्याला खराखुरा गैरहजर करून दाखवलात.

मला परवा खोकल्यातून रक्त पडलं. चिमणीला सांगू नकोस.

तू तिसरीत माझ्याच वर्गात होतास. पूल वाहून गेला आणि पलीकडची तुम्ही पोरं आठ दिवस येऊ शकला नाहीत. हेडमास्तर म्हणाले, गैरहजर लिहा. मी पट्टी घेतली आणि हजेरीपटावर तिसरा रकाना आखला, 'रस्ता नव्हता'. त्यात पहिलं नाव तुझं होतं. मंजुरी तेव्हा मलाही नव्हती.

सोबत माझी वही पाठवते आहे. वाचून झाली की परत कर.
तुझी आत्या

२३ फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

आधी एक गोष्ट. आत्याने तुला सांगू नको म्हटलंय, तरी सांगतो; फोन लागत नाही, म्हणून इथेच. तिला खोकल्यातून रक्त पडलंय. पत्र खाली ठेव आणि आजच तिला मोठ्या इस्पितळात ने.

काल सकाळी तक्त्यात तिसरा रकाना घातला, 'औषध नव्हते'. कोणाला विचारलं नाही. मागच्या तारखा दुरुस्त करायची सोयही ठेवली. वाटलं होतं, तुमची अठरा नावं येतील. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस केंद्रांतून सहाशे बारा नावं त्या रकान्यात आली. त्या प्रत्येकाच्या घरी मी नोटीस पाठवली आहे, चिमणे.

साहेबांनी खुलासा मागितला आहे. मी काही लिहिलं नाही, आत्याच्या वहीच्या नकला जोडल्या. साठा तुमच्याकडे वळवून घेतलाय. गुरुवारी नऊच्या ठोक्याला गोळ्या घेऊन मीच येतो. आधी शिंप्याच्या घरी जाईन, ती नोटीस चारचौघांत माझ्या हाताने परत घ्यायला.

अजून लोभ उरला असेल तर तो राहू दे. आत्याला सांग, वही परत आणतोय. प्रत्येक पानावर तुझी सही आहे, आता तिच्याखाली मला माझी करायची आहे.
तुझा दादा